लंडनमध्ये सहा जणं फिरणार: पासचं सोडा, पायऱ्यांचं बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मे महिन्यात आई (६८, गुडघे दुखतात), बाबा (७२), बायको आणि दोन मुलं (९ आणि १३) घेऊन आठ दिवस लंडनला येताय, हॉटेल पॅडिंग्टनजवळ आहे, तर नाशिकहून निघायच्या आधीच ट्रॅव्हल पास काढून ठेवू का, की ऑयस्टर (लंडनचं पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घेऊ, फॉरेक्स कार्ड चालेल का, आणि जाता जाता, ती भुयारी रेल्वे आईला झेपेल का.

पहिल्या तीन प्रश्नांवर तुम्ही बरेच दिवस घालवलेले दिसतायत आणि चौथा शेवटी असाच चिकटवलाय. मी म्हणेन उलटं करा. मी इथे सोळा वर्षं आहे, त्यातली बारा एका ट्यूब (म्हणजे तीच भुयारी रेल्वे) स्टेशनच्या गेटवर ड्यूटी करतोय, ती फटाफट उघडमीट करणारी दारं असतात ना, त्यांच्या शेजारी उभा असतो तो मीच. रोज आपली माणसं बघतो, आणि पैशावरून अडलेलं कुटुंब आठवड्यातून एखादं दिसतं, पण जिन्याच्या तोंडाशी येऊन थबकलेली आजी रोज दिसते.

पैशाचं आधी उरकून टाकू. पास काढून ठेवण्यात तुमच्यासारख्यांना आता फारसा अर्थ उरलेला नाही, कारण इथे कॅप नावाची भानगड आहे. दिवसभर एकच कार्ड टॅप करत राहायचं, मशीन सगळे प्रवास जोडतं आणि ठरलेला आकडा गाठला की पुढचं सगळं फुकट. २०२५ च्या दरांनी झोन १ आणि २ साठी (भाड्यासाठी शहराचे वर्तुळाकार भाग पाडलेत, १ म्हणजे अगदी मधला) हा आकडा दिवसाला ८.९० पौंड, नुसत्या बस-ट्रामने फिरलात तर ५.२५. झोन १ मधला ट्यूबचा एक प्रवास गर्दीच्या वेळी २.९० आणि एरवी २.८० होता, म्हणजे तीन प्रवास झाले की चौथ्याला काही पेन्स आणि नंतर शून्य. दर मार्चच्या सुमाराला थोडे वाढतात, निघायच्या आधी एकदा बघून घ्या, पण हिशोबाची पद्धत तीच राहते. आठवड्याचाही कॅप आहे, साधारण पाच दिवसांच्या कॅपइतका, फक्त तो सोमवार ते रविवार असाच मोजतात, त्यामुळे गुरुवारी उतरून पुढच्या गुरुवारी जाणाऱ्याला त्याचा निम्माच उपयोग. तरी त्यासाठी विमानाची तारीख बदलू नका, तेवढा फरक नाही.

आता या सगळ्यात एकच अट आहे आणि तीच आपल्याकडची माणसं मोडतात. माणशी एक कार्ड, आणि आत जाताना जे टॅप केलं तेच बाहेर पडताना. मागच्या उन्हाळ्यातली गंमत सांगतो. पाच जणांचं मराठी कुटुंब, काकांनी खिशातून कार्ड काढलं, काकूंना आत सोडलं, तेच कार्ड पुन्हा मुलासाठी लावलं, गेट काही उघडेना. मग काका जोरात लावतात, मग घासून बघतात, मग रुमालाने पुसतात. मागे पन्नास ऑफिसवाले उभे, कोणी बोलत नाही, नुसते उसासे टाकतात. मी जाऊन म्हटलं काका, हे एटीएम नाही आणि कंडक्टरही नाही, याला तुम्ही एकटेच दिसताय. आणि दुसरा प्रकार त्याहून महाग, आत शिरताना मोबाईलवरून टॅप आणि बाहेर येताना पाकिटातलं कार्ड. कार्ड एकाच बँकेचं, एकाच खात्याचं असलं तरी मशीनच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी, एकजण आत गेला आणि बाहेर आलाच नाही, दुसरा न शिरताच बाहेर आला, दोघांनाही जास्तीत जास्त भाडं. असं झालं तर वेबसाईटवरून दुरुस्ती मागता येते, पण सुट्टीत कोणाला वेळ आहे. पाकीटच्या पाकीट मशीनला टेकवू नका, आत दोन कार्डं असतील तर भलतंच कार्ड वाचलं जातं.

भारतातून येताना एक काम नक्की करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही बंद असतात, आपण बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचे. हीथ्रोच्या गेटवर उभं राहून ओटीपीची वाट बघणारे मी किती बघितलेत, भारतातलं सिम दुसऱ्या फोनमध्ये, तो फोन बॅगेत, बॅग ट्रॉलीच्या तळाशी. व्हिसा, मास्टरकार्ड चालतं, फॉरेक्स कार्डही चालतं जर त्यावर ते वायफायसारखं आडवं चिन्ह असेल तर. रुपे घेऊन येऊ नका. बँक परकीय चलनाचा मार्कअप लावणार, तो कार्डाकार्डाप्रमाणे वेगळा, तेवढं विचारून ठेवा.

तुमच्यासाठी मी असं करेन: तुम्ही आणि वहिनी आपापल्या कॉन्टॅक्टलेस कार्डावर, आईबाबांना दोन ऑयस्टर, आणि १३ वर्षांच्याला एक ऑयस्टर. कार्डाची किंमत वेगळी पडते आणि ती परत मिळत नाही, मान्य, पण म्हाताऱ्या माणसांच्या हातात बँकेचं कार्ड देऊन गर्दीत सोडण्यापेक्षा बरं, हरवलं तर दहा-वीस पौंडच गेले. १३ वर्षांच्याच्या ऑयस्टरवर स्टेशनातल्या माणसाकडून यंग व्हिजिटर डिस्काउंट टाकून घ्या, ११ ते १५ वयाच्या मुलांना १४ दिवसांपर्यंत निम्मं भाडं लागतं, मुलगा समोर हवा आणि तुम्ही बरोबर. आपली माणसं हे विचारतच नाहीत आणि पूर्ण भाडं भरतात. ९ वर्षांच्याला ट्यूबमध्ये आणि बसमध्ये काहीच लागत नाही, त्याला घेऊन रुंद गेटने जा, तिथे आमच्यातला कोणीतरी उभा असतोच.

झालं, पैशाचं संपलं. आता पायांचं.

ही रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, १० जानेवारीला, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन, वाफेच्या इंजिनांनी, बोगद्यात. म्हणजे तुमच्या हॉटेलजवळचंच स्टेशन. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्यानंतर दहाच वर्षांनी. त्या काळात लिफ्टचा विचार कोणी केला नव्हता, त्यामुळे आज २७२ ट्यूब स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांश स्टेशनांतच रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी न चढता जाता येतं. नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असतं, निळं म्हणजे थेट डब्यापर्यंत सपाट, पांढरं म्हणजे फलाटापर्यंत सपाट पण डब्यात चढताना फट किंवा उंची. टीएफएल गो नावाचं इथल्या वाहतूक खात्याचं ॲप आहे, त्यात स्टेप-फ्री, म्हणजे पायऱ्या टाळणारा पर्याय, चालू करून मार्ग काढा. नुसता गूगलचा सगळ्यात जलद मार्ग घेतलात तर तो तीन मिनिटं वाचवायला आईला ऐंशी पायऱ्या चढवेल, त्याला गुडघे नाहीत.

पॅडिंग्टनला राहताय हे मात्र झकास केलंत, मुद्दाम केलं असेल तर शाबास. तिथून एलिझाबेथ लाईन जाते, २४ मे २०२२ ला सुरू झाली, तिच्या सगळ्याच्या सगळ्या ४१ स्टेशनांवर लिफ्ट किंवा रॅम्प आहे, डबे लांबलचक, एसी, आणि मधल्या नव्या स्टेशनांत फलाटावर काचेची दारं. हीथ्रोहून पॅडिंग्टन थेट, अर्ध्या तासात. भाडं २०२५ मध्ये १३.९० पौंड, पिकॅडिली या ट्यूब लाईनने मध्य लंडनला ५.८०. एकटा तरुण पोरगा असता तर मी पिकॅडिलीनेच जा म्हटलं असतं, पण त्यात आधी जवळजवळ तासभर, मग एक बदल, त्यात सहा जणं, सहा बॅगा, रात्रभराचा विमानप्रवास आणि आईचे गुडघे. माणशी आठ पौंडांसाठी पहिल्याच दिवशी भांडण नको. हीथ्रो एक्सप्रेस नावाचीही एक गाडी आहे, पंधरा मिनिटांत आणते, २०२५ मध्ये आयत्या वेळी २५ पौंड घ्यायची, आणि ती कॅपमध्ये धरत नाहीत. जांभळ्या रंगाच्या पाट्या बघा, जांभळी म्हणजे एलिझाबेथ.

एकदा एलिझाबेथ हाताशी आली की निम्मं लंडन सपाट झालं. बिग बेन बघायचंय? पॅडिंग्टनहून एकच स्टेशन बॉन्ड स्ट्रीट, तिथे ज्युबिली लाईन पकडा, वेस्टमिन्स्टर. सगळीकडे लिफ्ट. ज्युबिलीचा वेस्टमिन्स्टरपासून पुढचा भाग १९९९ चा आहे आणि तिथल्या सगळ्या स्टेशनांत लिफ्ट आहेत, म्हणून वॉटर्लू, लंडन ब्रिज, कॅनरी वॉर्फ हे सगळं आईला चालण्यासारखं. ग्रीनिचला जाताना एलिझाबेथने कॅनरी वॉर्फ, तिथून थोडं चालून डीएलआर ही छोटी हलकी रेल्वे, कटी सार्कला उतरा. डीएलआरला ड्रायव्हर पुढे बसत नाही, त्यामुळे पहिल्या डब्याची पहिली सीट रिकामी मिळाली तर दोन्ही पोरं तिथे बसवा, नंतर त्यांना दुसरं काही दाखवायची गरज नाही. फक्त डीएलआरच्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नसतं, खांबावर नुसतं मशीन असतं, तिथे टॅप करायचं विसरतात लोक, आणि मग तिकीट तपासनीस भेटला की १०० पौंड दंड, २१ दिवसांत भरला तर ५०.

सर्कल लाईनबद्दल सावध करतो, कारण पॅडिंग्टनला ती दोन ठिकाणी आहे. एक प्रेड स्ट्रीटच्या बाजूला, दुसरी मोठ्या स्टेशनच्या पार पलीकडच्या टोकाला, कालव्याकडे. दोन्हीवर पाटी पिवळी, दोन्हीवर सर्कल लिहिलेलं, आणि मधलं अंतर सामान घेऊन चालायला अजिबात मजेचं नाही. २००९ पासून ही लाईन गोल राहिलेलीच नाही, शेपूट फुटलंय तिला हॅमरस्मिथकडे. वेस्टमिन्स्टर किंवा टॉवर हिलच्या दिशेने दक्षिणेकडून जायचं असेल तर प्रेड स्ट्रीटचं.

नावांनी फसणं हा इथला जुना खेळ आहे, मी स्वतः फसलोय. येऊन महिना झाला असेल, दिवाळी, मित्राने जेवायला बोलावलं, म्हणाला एजवेअरला ये. मी नकाशावर एजवेअर रोड बघितलं, म्हटलं हेच, उतरलो, हातात चकलीचा डबा घेऊन अर्धा तास लेबनीज हॉटेलांच्या रांगेत त्याची बिल्डिंग शोधत फिरलो. एजवेअर हे नॉर्दर्न लाईनचं शेवटचं स्टेशन, वायव्येला लांब, आणि एजवेअर रोड हे मध्य लंडनात, त्याच रस्त्याच्या या टोकाला. वर एजवेअर रोड नावाची स्टेशनंही दोन आहेत, एक बेकरलूवर, एक सर्कल-डिस्ट्रिक्टवर, मध्ये मोठा रस्ता. मित्र फोनवर म्हणाला, अरे ठाण्याला बोलावलं तर तू ठाणे म्हणून भायखळ्याला उतरलास.

नॉर्दर्न लाईनचंच आणखी एक. तुम्ही आंबेडकरांचं घर बघायचंय असं लिहिलंय, फार छान, १० किंग हेन्रीज रोड, प्रिमरोज हिलजवळ, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. जवळचं स्टेशन चॉक फार्म. आणि हायगेटला ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर जुनं इंडिया हाऊस, सावरकर राहायचे ते, बाहेर निळी पाटी आहे, आत जाता येत नाही. दोन्ही नॉर्दर्न लाईनवरच, पण कॅम्डन टाउनला या लाईनला फाटा फुटतो, जसा कल्याणला कसारा-कर्जतचा फुटतो तसाच. चॉक फार्म एजवेअरच्या फाट्यावर, हायगेट हाय बार्नेटच्या. म्हणून फलाटावर नुसतं नॉर्थबाउंड बघून चढायचं नाही, गाडीच्या कपाळावर आणि इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन वाचायचं. चुकलात तर काही बिघडत नाही, कॅम्डनला उतरून दुसरी पकडा, गेटबाहेर पडला नाहीत तर जादा पैसे नाहीत. पण चॉक फार्मच्या फलाटापासून वर येईपर्यंत आईला थोड्या पायऱ्या लागतील, त्या दिवशी टॅक्सी केलीत तरी चालेल. इथली काळी टॅक्सी रुंद असते, चढायला सोपी, रॅम्पही असतो.

दिशांचं एक. मुंबईत आपण चर्चगेट स्लो, विरार फास्ट असं शेवटचं स्टेशन धरून चालतो. इथे पाट्या ईस्टबाउंड, वेस्टबाउंड अशा. फलाटावर जायच्या आधी भिंतीवर त्या दिशेच्या स्टेशनांची उभी यादी असते, त्यात आपलं स्टेशन आहे का तेवढं बघा, पूर्व-पश्चिम कळली नाही तरी चालतं. आणि तो प्रसिद्ध नकाशा अंतरं दाखवत नाही, १९३३ साली हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनचा पहिल्यांदा छापला, त्याने विजेच्या सर्किटसारख्या सरळ रेघा मारल्या. त्यामुळे लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे नकाशावर एक स्टेशन दिसतं, प्रत्यक्षात अडीचशे-तीनशे मीटर, गाडीला मिनिटही लागत नाही आणि तुम्हाला खाली-वर करायला दहा. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून लोक शहाणपणा करून जिन्याने निघतात. १९३ पायऱ्या आहेत. खाली पाटी लावलीय तरी निघतात, आणि अर्ध्यावर बसलेले सापडतात.

माझं खरं मत विचाराल तर आईबाबांना ट्यूबपेक्षा बसच आवडेल. ट्यूबमध्ये काय दिसतं, काळोख आणि समोरच्याचे बूट. बसला २०२५ मध्ये १.७५ पौंड, झोन-बिन काही नाही, आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदला, तेवढ्याच पैशात. चढताना पुढच्या दाराने टॅप, उतरताना टॅप करायचं नाही. रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत, ड्रायव्हरपुढे नोट धरू नका. २४ नंबरची बस हॅम्पस्टेड हीथहून कॅम्डन, ट्रॅफल्गर स्क्वेअर, पार्लमेंटवरून पिमलिकोला जाते, १५ नंबर ट्रॅफल्गर स्क्वेअरहून सेंट पॉल्सवरून टॉवर ऑफ लंडनकडे. दोन्ही डबल डेकर, वरच्या मजल्यावर पहिली सीट पकडा, टूर बसचे पैसे वाचले. आईला वर चढवू नका मात्र, बस चालू असताना तो जिना वाईट. ती आणि बाबा खाली पुढच्या राखीव सीटवर बसतील, तिथेही खिडकी मोठी असते. बाबांचं वय बघता त्यांना बेस्टच्या लाल डबल डेकर आठवतील, त्यांना गप्पा मारायला विषय होईल. ट्रॅफिक असतो, वेळ लागतो, पण तुम्ही सुट्टीवर आहात.

सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात, सोमवार ते शुक्रवार, ही गर्दीची वेळ. भाड्यातला फरक किरकोळ आहे, मी गर्दीसाठीच सांगतोय. डोंबिवलीची सवय असलेल्याला इथली गर्दी ही गर्दीच वाटत नाही, पण आईबाबांना घेऊन दहानंतर निघा, उभं राहावं लागत नाही. आणि गाडी दिसली म्हणून धावू नका. व्हिक्टोरिया लाईनवर गर्दीच्या वेळी दर १०० सेकंदांना गाडी असते. दार बंद होताना हात घालायची मुंबईची सवय इथे ठेवलीत तर दार हाताला लागतं आणि डबाभर लोक तुमच्याकडे बघतात, यातलं दुसरं जास्त लागतं.

ताटातूट होणार हे धरून चाला, सहा जणांत एकदा होतेच, आणि खाली सगळीकडे फोन लागेलच असं नाही. पहिल्या दिवशी नाश्त्याला बसलात की नियम ठरवा, मुलांकडून म्हणवून घ्या: जो गाडीत राहिला तो पुढच्याच स्टेशनवर उतरून फलाटावर थांबेल, जे मागे राहिले ते पुढच्या गाडीने येतील. कोणीही उलट्या गाडीने परत यायचं नाही. गेल्या वर्षी एक काका मागे आले, त्याच वेळी बाकीचे पुढे गेले, असं दोनदा झालं, आम्हाला शेवटी दोन्ही स्टेशनांत घोषणा करावी लागली.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची. आईला जिन्याची भीती असेल तर तुम्ही तिच्या खालच्या पायरीवर, बाबा वरच्या, आणि पहिलं पाऊल टाकायला घाई करू नका, मागच्याला थांबू दे. एंजेल स्टेशनचा जिना ६० मीटर लांब आहे, तिकडे नेऊच नका.

स्वच्छतागृहाचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. मध्य लंडनच्या बहुतेक ट्यूब स्टेशनांत नाहीच. मोठ्या रेल्वे स्टेशनांत आहे, पॅडिंग्टन, वॉटर्लू, युस्टन, लंडन ब्रिज, आणि २०१९ पासून तिथे पैसे लागत नाहीत. बाबांच्या वयाला दिवसाचा मार्ग आखताना हे मनात धरा, मोठं स्टेशन, म्युझियम, मोठं स्टेशन. मे मध्ये ऊन लागलं तर सेंट्रल आणि बेकरलू लाईन टाळा, तिथे एसी नाही आणि खालच्या मातीने शंभर वर्षांची उष्णता धरून ठेवलीय, पाण्याची बाटली हवीच. शनिवार-रविवार कुठली ना कुठली लाईन कामासाठी बंद असते, आदल्या रात्री ॲपमध्ये बघा.

फोन रस्त्याच्या कडेला हातात धरून नकाशा बघत उभं राहू नका, ई-बाईकवरून येऊन हिसकावतात, भिंतीकडे पाठ करून बघा.

आणि जाताना ती तीन ऑयस्टर फेकू नका. त्यावरची शिल्लक एक्स्पायर होत नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये अशी सात आहेत, रबर लावून, प्रत्येकावर डिंकपट्टीवर नाव आणि किती उरलेत ते. पुढच्या उन्हाळ्यात नाशिकहून जो कोणी येईल त्याच्या हातात द्या.